उलटा सौदा

भिमाजीकाकांनी हप्त्याचं पाकीट माझ्याकडे परत सरकवलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं, की मोजताना आपलं काहीतरी चुकलंय. मी नोटा बाहेर काढल्या, पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या. "नको मोजू, पोरी," ते म्हणाले, "बरुबरच असत्याल. पन मला नको हायेत. हे बी नको आन् ह्याच्या फुडचं बी नको. लई दिलं तुमी. झालं आता." आणि बशीत ओतलेला चहा त्यांनी शांतपणे पिऊन टाकला. अम्मीच्या शिलाई मशीनचं चाक थांबलं. मुकुंदनगरच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी ते चाक थांबलं की समोरच्या गल्लीतला नळ, शेजारचा रेडिओ, सगळं एकदम मोठ्याने ऐकू यायला लागतं. तसं ते आलं. मी पाकीट हातात धरून उभी होते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला अनपेक्षित आकडा आला की तो आधी उपकरणावर संशय घेतो, मग स्वतःवर, आणि सगळ्यात शेवटी जगावर. मी अजून दुसऱ्याच पायरीवर होते. तेवढ्यात खिडकीखालच्या कॉटवर अब्बांनी डावा हात आपटला.

अब्बांचा उजवा हात आणि जीभ एकाच दिवशी गेली. त्या रविवारी त्याला पाच वर्षं होत आली होती. त्याआधी ते घोडेगावच्या बाजारात दलाल होते, म्हणजे जनावर विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहणारा माणूस. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल काढतो, त्याखाली दोन हात एकमेकांना भेटतात, आणि बोटं धरून, दाबून, सोडून किंमत ठरते. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. त्या वर्षी अब्बांनी एका परक्या व्यापाऱ्याला चार-पाच जणांची जनावरं उधारीवर मिळवून दिली होती, त्यांतली सगळ्यात चांगली बैलजोडी भिमाजीकाकांची. व्यापारी ट्रक भरून गेला, तो गेलाच. विकणाऱ्यांपैकी कोणी त्याला ओळखत नव्हतं; ओळखत होते ते अब्बांना, आणि हात दिला होता तोही अब्बांच्या हातात. कागद नव्हता. अब्बा सरळ म्हणू शकले असते की मी फक्त मधला माणूस. ते तसं म्हणाले नाहीत. घरी येऊन अम्मीला म्हणाले, "अपने कू देना पडता." त्यांचं मला आठवणारं हे शेवटचं पूर्ण वाक्य. त्याच महिन्यात त्यांना लकवा मारला. मी तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

निकाल लागल्यावर मी नागापूरला एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात लागले. टाकीतल्या द्रावणाचे नमुने घ्यायचे आणि त्यांत अल्कली किती आहे ते तपासायचं, हे माझं काम. चंबूत गुलाबी द्रावण असतं, वर ब्युरेटमधून आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. थेंब पडतो तिथे रंग क्षणभर पुसला जातो, पांढरी वाट उमटते, आणि चंबू जरा हलवला की सगळं पुन्हा होतं तितकंच गुलाबी. पहिली दोन वर्षं मला कर्ज तसंच वाटायचं. हप्ता दिला त्या संध्याकाळी एक पांढरी वाट दिसायची. मग महिना सुरू व्हायचा, कोणीतरी तो चंबू हलवायचं, आणि रंग जागच्या जागी. द्रावणाच्या बाबतीत मला खात्री होती की दिसत नसलं तरी आत काहीतरी कमी होतंय. हे माझ्याआधी हजारो लोकांनी करून पाहिलं होतं. घराच्या बाबतीत ही खात्री कोण देणार? सुरुवातीला लाज होती, ती माणसाला चालवते. भिमाजीकाका सोडून बाकीच्यांचं थोडं थोडं होतं, ते त्या लाजेवरच फिटलं. पुढे कधीतरी शेवट दिसायला लागला की आशा चालवेल असं मी समजून होते. मधल्या काळाचं काय करायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. लाज विटून गेली होती, शेवट दिसत नव्हता. सकाळी सिटी बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला विचारायचे, की आज मी का जातेय.  तोवर बस नागापूरला पोचायची. एक अनोळखी माणूस काही जनावरं घेऊन निघून जातो आणि त्यामुळे एक मुलगी सहा वाजता उठून डबा भरते, या दोन गोष्टींच्या मधे जी जागा आहे ती मला अफाट वाटायची. कधी त्या जागेची भीती वाटायची. कधी, खरं सांगते, नवल वाटायचं, की ती जागा मी रोज ओलांडतेय.

अम्मीची रीत वेगळी होती. ती कर्ज हा शब्दच उच्चारायची नाही. ती फक्त "इस महिने का" म्हणायची. इस महिने का दिया, इस महिने का रखा. एकदा मी चिडून तिला म्हणाले, की अम्मी, एकूण किती राहिलं ते तुला माहीत तरी आहे का? ती दोरा दाताने तोडत म्हणाली, "रमजान के तीस रोजे एक दिन में रखते क्या गे? पढी-लिखी है ना तू?" आणि हसली. मला हसू आलं नव्हतं. मला एकूण हवं असायचं. हप्ता दिला की त्या संध्याकाळी मी अब्बांच्या कॉटवर बसायचे आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं धरून राहिलेला आकडा सांगायचे. ही पद्धत त्यांनीच मला शिकवली, बोलणं गेल्यावर, हळूहळू, चुकलं की मनगटाला चापट मारून. त्यांची अख्खी विद्या उजव्या हाताची होती. डाव्याने शिकवताना ती आरशात पाहिल्यासारखी उलटी व्हायची, आणि ती मनात सुलटी करता करता त्यांच्या कपाळावर घाम यायचा. परक्या माणसासमोर मात्र ते डावा हात पुढे करत नसत. तो देण्याघेण्याचा हात नाही. कोणी भेटायला आलं की तो चादरीखाली जायचा.

म्हणून त्या रविवारी त्यांनी भिमाजीकाकांच्या देखत तो हात आपटला तेव्हा अम्मी उठून उभीच राहिली. अब्बांनी उशाचा टॉवेल ओढला, डाव्या हातावर टाकला आणि तो झाकलेला हात काकांच्या दिशेने पुढे धरला.  काका अवघडून हसले. "आरं शमशेरभाई, सौदा का घरात बसून व्हतो? बाजारात ये मंग. शुक्कारी." ते विषय मोडण्यासाठी म्हणाले होते, हे मला कळलं, अम्मीलाही कळलं. चप्पल घालता घालता ते मला हळूच म्हणाले, "धाकट्याचं लगीन झालं, हिरीला पानी हाय, मला कशाची आलीय घाई? आन् त्या दिशी म्या हात दिला तो ह्याला. तुला न्हवता दिला, पोरी. तुझं वय जातंय ह्यात." ते गेले. अब्बांनी टॉवेल खाली ठेवला नाही.

माझं वय. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात मी पुण्याला एम. एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आले होते, कारखान्यात आजारी असल्याचं सांगून. यादीत नाव लागलं होतं. जुलैत हजर व्हायचं होतं. राहिलेलं देणं होतं नऊ हजार, माझ्या पगारातून जे बाजूला पडायचं त्या वेगाने दीड वर्षाचं. अम्मीच्या शिलाईवर घर चालत होतं. कर्ज त्यावर चालत नव्हतं, ते माझ्यावर चालत होतं. आणि आता एक माणूस स्वतःच्या पायाने येऊन, चहा पिऊन, ते पुसून गेला होता. मी दुपारभर खिडकीत बसून होते. मला आनंद झाला होता का, ते मी तपासत होते. झाला होता.  पण त्याच्या तळाशी अजून काहीतरी होतं, पायरी चढायला पाय उचलावा आणि पायरीच नसावी तसं. ते काय आहे ते मला नीट दिसत नव्हतं.

संध्याकाळी मी अम्मीला पुण्याचं सांगितलं. ती रडली, मग लगेच व्यवहारावर आली. "माफ करनेवाला अल्लाने भेजा. उसकू नक्को बोलते क्या कोई?" हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, पण आवाज कॉटकडे होता. "सुनते क्या जी? छोरी का नसीब खुला. तुम टॉवेल रखो नीचे." अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचायला मी शिकले होते, दुसऱ्या अर्ध्यावर काहीच नसायचं. त्यांना पुण्याचं कळलं होतं. त्याबद्दल त्यांना वाईट वाटत होतं. तरी टॉवेल त्यांच्या मांडीवरच होता. मला त्यांचा राग आला, इतका स्वच्छ राग मला आधी कधी आला नव्हता. हा माणूस स्वतः एक पैसा भरत नाही, भरू शकत नाही, आणि माझी पाच वर्षं घेऊन वर अजून मागतोय.  शुक्रवारी त्यांना घेऊन जायला मी तयार झाले ती या रागातूनच. म्हटलं, चला, बाजारात चारचौघांत काका पुन्हा नको म्हणतील, मग तरी संपेल.

रजा टाकली. रिक्षाने स्टँड, तिथून एसटी. कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना चढवलं. इमामपूरचा घाट उतरून पांढरीच्या पुलाच्या पुढे गेल्यावर अब्बा ताठ बसले. मला काही दिसायच्या आधी त्यांनी नाक वर केलं. मग मलाही तो वास आला, शेणाचा, कडब्याचा, घामेजल्या कातड्याचा, आणि मग धूळ दिसली, घोडेगावच्या वर उभी असलेली. आत शिरल्यावर मी थांबलेच. इतकी जनावरं एका जागी मी लहानपणी पाहिली असतील, पण तेव्हा ती अशी नीट पाहिली नव्हती. म्हशींच्या काळ्या पाठींचे थरच्या थर, गुलाल लावलेली शिंगं, टेम्पोच्या फळ्यांवर आपटणारे खूर, हंबरणं, शिव्या, चहावाल्यांच्या हाका. आणि या सगळ्या कल्लोळात जागोजागी दोन-दोन माणसं अगदी गप्प उभी. त्यांच्या मधे एक फडकं. फडक्याखाली काहीतरी जिवंत हलतंय, तोंडं मात्र दुसरीकडे, जणू त्या हातांशी त्यांचा काही संबंध नाही. जिथे सगळ्यात महत्त्वाचं काही घडत होतं तिथेच शांतता होती. मी उभी राहून बघत राहिले. अब्बांचं वजन माझ्या खांद्यावर होतं ते विसरले.

"शमशेर दलाल आला!" कोणीतरी ओरडलं. माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "आरं, ह्यो तर मेला म्हनं हुतं!" दुसरा म्हणाला, "तुझ्यावानी फुकाट मरतो व्हय त्यो? दलाली घेतल्याबिगर?" अब्बा अर्ध्या तोंडाने हसले. भिमाजीकाका एका गाभण म्हशीपाशी उभे होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला. "पोरी, खरंच आनलंस का गं ह्याला? म्या आपलं बोलायचं म्हनून बोलल्तो." मी म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा त्यांना. ते माझं ऐकत नाहीत." मला वाटलं, आता संपेल.

अब्बांनी माझा खांदा सोडला, म्हशीच्या अंगाला पाठ टेकवून उभे राहिले आणि टॉवेलखालून डावा हात पुढे केला. सगळ्या बाजारादेखत.  त्या हाताचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. काकांनी आधी सवयीने उजवा पुढे केला, मग थांबले, तो मागे घेतला, धोतराला पुसला, आणि डावा टॉवेलखाली घातला. "हजारात," ते फक्त एवढंच मोठ्याने म्हणाले, म्हणजे एका बोटाचा एक हजार. सौदा सुरू झाला. आणि तो उलटा होता. मी शेजारी उभी होते, मला दिसत होती फक्त टॉवेलची हालचाल आणि दोन चेहरे, पण कुठल्या दिशेने कोण ओढतंय ते लपत नव्हतं. ज्याला पैसे येणं होतं तो मान हलवून खाली आणत होता. ज्याला देणं होतं तो दात आवळून वर नेत होता. काका हात सोडवून घ्यायला बघायचे, जसा घेणारा महाग वाटल्यावर निघून जायचं सोंग करतो तसा. अब्बा बोटं धरून ठेवायचे. एकदा काका कळवळून म्हणाले, "आरं, पोरीचा तरी इचार कर की!" अब्बांनी डोळे मिटले. टॉवेल थोडा वेळ हलला नाही. मग त्यांनी पुन्हा काहीतरी दाबलं.  भोवतीच्या घोळक्यात एकाने टोपी काढून हातात धरली होती. माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही. त्याच्या जागी जे आलं त्याला मी त्या वेळी नाव देऊ शकले नाही, आजही फक्त आसपासचे शब्द सुचतात. पाच वर्षं मी एक आकडा खाली आणत होते. तो आकडा म्हणजे काय ते माझ्यासमोर आता दोन डाव्या हातांत धडपडत होतं, आणि ते ओझ्यासारखं दिसत नव्हतं. तो अब्बांपाशी उरलेला शेवटचा धंदा होता. तो फुकटात गेला असता तर ते खरोखर फक्त एक आजारी माणूस उरले असते.

हात सुटले. काका म्हणाले, "ठरलं." अब्बांनी मान हलवली. त्यांच्या मानेवर घाम होता आणि चेहऱ्याची चालती बाजू निवांत झाली होती. काय ठरलं, हे कोणी विचारलं नाही. तिथे विचारत नाहीत. पण मला कळणं भाग होतं, भरणारी मीच. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि तोच टॉवेल अब्बांच्या हातातून घेऊन माझ्यापुढे धरला. "बाईमानसाचा हात ह्याच्याखाली आजपातूर गेलेला न्हाई," ते पुटपुटले, "पन आता कोन सांगनार तुला." मी डावा हात घातला. मला तोच येत होता.

त्यांचा तळवा झाडाच्या सालीसारखा होता, खडबडीत आणि आतून ऊन. त्यांनी माझी तीन बोटं धरली. तीन. मी अब्बांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, त्या निवांत चेहऱ्याने. तीनवर तो चेहरा असा झाला नसता, हे मला जितकं स्पष्ट कळलं तितकं आयुष्यात कुठलंही मोजमाप कळलेलं नाही. काका माझ्याकडे एकटक बघत होते, भुवया जरा उंचावून. त्यांनी अब्बांना अब्बांचा भाव दिला होता आणि आता मला माझा देत होते. अब्बांना कधीच कळलं नसतं. तीन हजार म्हणजे अम्मी शिलाईतून सावकाश फेडेल. तीन म्हणजे या जुलैत पुणे. नाहीतर पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागणार, नाव लागेलच असं काही नाही. टॉवेलखाली अंधार होता, आणि त्यात माझी तीन बोटं कोणीतरी अतिशय काळजीने धरून ठेवली होती. आजवर मी फक्त भरत आले होते. हे देणं किती असावं, असं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी माझी बोटं सोडवून घेतली. काकांचा तळवा उघडून, अब्बांनी शिकवलं होतं तसं, पाची बोटं एकदम आवळली आणि वर एक दाबलं. सहा.

काकांचा हात दचकला. त्यांनी चार केले. मी मान हलवली. त्यांनी चार पुन्हा जोरात दाबले, आणि माझ्या नकळत मी दात आवळले. सहा. माझ्या हप्त्यांचं बरोबर एक वर्ष. ते मी बसमध्ये खिडकीशी बसून भरेन, आणि मी का जातेय हे आता मला विचारावं लागणार नाही, असं नाही. विचारावं लागेल, पण भाव मी केलेला असेल. काकांनी हात सोडून देऊन निघून जाण्याचं सोंग केलं. मी बोटं धरून ठेवली. त्यांच्या तोंडून हसण्यासारखा, खोकल्यासारखा एक आवाज आला. "बापाचीच हाय," ते म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. त्यांनी सहावर माझा हात दाबला आणि सोडला. "ठरलं."

मी टॉवेल परत द्यायला वळले. अब्बांनी तो खांद्यावर टाकला. आणि मग, आम्हा दोघांच्या मधे उभे असलेले अब्बा, भिमाजीकाकांपुढे डावा तळवा उघडा करून उभे राहिले.  मी घाबरले, त्यांना पाणी हवंय का, पुन्हा झटका तर नाही? मघाचा म्हातारा आधी हसायला लागला. "आरं भिमाजी, बघतो काय असा? दलाली टाक! टॉवेल त्याचा, सौद्याच्या मधी उभा त्यो. दलाली टाक त्याची!" घोळका हसला, काका हसले, हसता हसता त्यांनी बंडीच्या खिशातून दहाची नोट काढली आणि अब्बांच्या तळव्यावर ठेवली. अब्बांनी ती डोळ्यांना लावली. 

"पोरी," काका माझ्याकडे वळून म्हणाले, एकदम गंभीर होऊन, "ती हप्त्यात धरायची न्हाई हां. ती त्याची कमाई हाय."

मी हो म्हणाले. अब्बांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. नोट बंडीत घालून, म्हशीच्या अंगाचा आधार घेत ते दोन पावलं पुढे सरकले होते, शेजारच्या दाव्याला बांधलेल्या एका खोंडाचा ओठ अंगठ्याने वर करून त्याचे दात बघत.